हौशी कवितेचा स्वर

हौशी कवीच्या कवितेचा अर्थ लावीत बसू नये, तो जे म्हणतो ते सरळच म्हणतो, हा अभिप्राय आमच्या सावदा-फैजपूरच्या बाजूस इतक्या सद्भावनेने उच्चारला जातो की त्याचे खंडन करणाऱ्यावर कोरड्या पांडित्याचा आरोप सहज यावा. तथापि तो पत्करूनही म्हणणे भाग आहे की, वरकरणी कवीचा कैवार घेणारे हे मत वस्तुतः त्याला कवींच्या पंक्तीतून उठवणारे आहे.

ज्याचा जन्म केळीची मृगबाग आणि कांदेबाग लावण्यात गेला, त्याने आईवर लिहिताना केळीचे रूपक योजले, तर वाचक ‘त्याग’ असा शेरा मारून मोकळा होतो. परंतु खोडाला घड एकदाच येतो, पुढची पिलबाग बुंध्याशी राखलेल्या पिलावर उभी राहते, आणि कोणते पील ठेवावे व कोणते छाटावे हा अखत्यार मालकाचा असतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्याच रूपकात मालकाकडे मागितलेला जाबही ऐकू येणे शक्य आहे. यांपैकी कोणता अर्थ घ्यावा याचा निवाडा केळीच्या माहितीने होत नाही. तो कवितेच्या स्वरावरूनच करावा लागतो.

याचे सर्वांत मोठे प्रमाण आमच्याच बोलीत आहे. आसोद्यास १८८० साली जन्मलेल्या निरक्षर बहिणाबाई चौधरींनी घरकाम-शेतकाम करताना रचलेल्या ओव्या मुलगा सोपानदेव व आप्तांनी टिपून ठेवल्या, आणि १९५१ साली त्यांचे निधन झाल्यावर पुढील वर्षी त्या अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूपाने आल्या. तेव्हापासून रसिकांनी त्यांच्यावर तत्त्वज्ञानाची जी झूल चढवली ती आजतागायत उतरलेली नाही. मनावरील कवितेत त्या मनाला उभ्या पिकात शिरणारे, हाकलले तरी फिरून येणारे ढोर म्हणतात. भाष्यकार तेथे तत्काळ इंद्रियनिग्रह वाचतो. वस्तुतः उभ्या पिकातले ढोर ही खेड्यात फिर्यादीची बाब आहे. १८७१च्या कायद्याने असे ढोर कोंडवाड्यात घालून धन्याकडून दंड घेण्याची तजवीज केली होती. जिच्या पिकात ते शिरते ती बाई उपदेश करीत नाही, काठी घेऊन धावते. आणि ढोर व पीक दोन्ही तिचीच असल्यामुळे फिर्यादी तीच आणि आरोपीचा धनीही तीच, हा त्या रूपकातील खरा विनोद आहे.

यावर कोणी म्हणेल की ही निव्वळ कल्पनेची भरारी झाली. मग त्याच कवितेचा शेवट पाहावा. असे मन घडवणाऱ्या देवाला बाई विचारतात की, जागेपणीच तुला हे स्वप्न पडले काय? देवाला ‘तू’ म्हणणे ही मराठी भक्तीची जुनीच रीत असल्याने तेवढ्यावरून थट्टा सिद्ध होत नाही, हे मान्य. थट्टा आहे ती प्रश्नाच्या घडणीत. सृष्टिकर्त्याच्या शुद्धीबद्दल शंका घेणारा हा प्रश्न प्रवचनकाराचा नव्हे. घरात कोणी काही विचित्र करून ठेवले म्हणजे त्याची उलटतपासणी घेणाऱ्या गृहिणीचा तो प्रश्न आहे.

दुसरा पूर्वपक्ष चरित्राचा. तिसाव्या वर्षी वैधव्य आलेल्या स्त्रीचा सूर करुणच असणार, असे गृहीत धरणारे लोक कविता वाचण्यापूर्वीच तिचा निकाल लावतात. वास्तविक चरित्र हा फार तर साक्षीदार, त्याला न्यायासनावर बसवण्याचे कारण नाही. आणि ज्या कवितेत हे वैधव्य प्रत्यक्ष आले आहे तिच्यातच त्यांचा पक्ष ढासळतो. कुंकू पुसले गेले आणि त्याखाली लपलेली कर्माची रेषा उघडी पडली, असे सांगणारी ही बाई जोशाला माझा हात पाहू नकोस, माझे दैव मला कळते, दारी येऊ नकोस, असे बजावते. पुसलेले कुंकू हे रूपक करुण खरे, पण ते ज्या स्वरात सांगितले आहे तो नकाराचा आहे. आणि भविष्य विकत घेण्याचे नाकारणाऱ्या या स्त्रीला ज्यांना दुःखाची मूर्तीच करावयाचे आहे, त्यांनी त्या बजावणीतील रडका शब्द कोणता, तेवढे दाखवून द्यावे.