बंगळूर टाळून पुढे जाणाऱ्यांना

"बंगळुरात बघण्यासारखं आहे काय? मॅजेस्टिकला उतर, रात्रीची बस पकड आणि सरळ हंपी गाठ." पाठीवर सॅक टाकून दक्षिणेकडे निघालेल्या मराठी मुलामुलींना हा सल्ला हमखास मिळतो. देणाऱ्याने बंगळुरात काही वर्षं नोकरी केलेली असते, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजनही येतं. माझ्या मते हा सल्ला साफ चुकीचा आहे. नोकरीसाठी शहरात राहणं वेगळं आणि शहर पाहणं वेगळं. व्हाइटफील्ड ते कोरमंगला एवढ्याच रस्त्यावर ज्याचा काळ गेला, त्याने सगळ्या शहराचा निकाल लावू नये.

या सल्ल्याच्या मुळाशी एक सवय आहे. आपल्या भटक्यांची आवडनिवड बंदराच्या शहरांनी घडवली आहे. मुंबईत गेटवेपाशी गेलं की समोर पाणी, नांगरलेल्या बोटी, घारापुरीला जाणारी लाँच. फोर्ट कोचीला किनाऱ्यावरच चिनी जाळी. अशी शहरं पाहुण्याला आपण होऊन सामोरी येतात. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर, पठारावर वसलेलं. समुद्र नाही, मोठी नदी नाही. मग या शहराला चेहराच नाही, असं म्हणायला लोक मोकळे.

चेहरा आहे, आणि तो पेठेत आहे. 1537मध्ये केंपेगौडाने मातीचा कोट घालून हे गाव वसवलं. दोड्डपेट आणि चिक्कपेट हे रस्ते एकमेकांना छेदतात, तिथून चार दिशांना बैलांचे नांगर सोडून त्याने रस्ते आखले, अशी कथा सांगतात. दोड्डपेट म्हणजे आजचा अ‍ॅव्हेन्यू रोड. भोवतालच्या पेठांची नावं अजूनही मालावरून आणि कारागिरांवरून चालतात: अक्कीपेट तांदळाची, अरळेपेट कापसाची, कुंबारपेट कुंभारांची, गाणिगरपेट तेल्यांची. बंदराला जे जे लागतं ते सगळं इथे आहे. गोदामं आहेत, दलाल आहेत, हमाल आहेत, एकाच गल्लीत कन्नड, तेलुगू, तमिळ, उर्दू आणि मारवाडी कानावर पडते. नाही ते फक्त पाणी. आणि आजच्या अर्थाने बंदर म्हणायचं, तर तेही आहे: चेन्नई बंदराशी जोडलेला कंटेनर डेपो व्हाइटफील्डला आहे, कंटेनर रेल्वेने ये-जा करतात आणि कस्टम्सचे सोपस्कार तिथेच पुरे होतात.

ज्याला या शहराचा चेहरा जवळून पाहायचा असेल, त्याने पहाटे के. आर. मार्केटच्या फुलबाजारात जावं. उजाडायच्या आधीच शेवंती आणि झेंडूची पोती उलगडून ढीग लागलेले असतात. मोगरा आणि अबोलीचे गजरे तराजूत जात नाहीत. बाई कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत गजरा ताणते, ते एक मोळ, आणि भाव त्या मोळाचा. मापाला हात तिचाच असल्यामुळे लांब हाताच्या बाईकडे गिऱ्हाईक जास्त थांबतं. आपल्याकडे फूल हातावर मोजायची रीत कधीच मागे पडली. तिथे रोज पहाटे ती डोळ्यांसमोर चालू असते. बाहेर येऊन चार पावलं चाललं की किल्ल्याचा उरलेला दगडी तुकडा लागतो. 21 मार्च 1791 रोजी इंग्रजी फौजेने ज्या खिंडारातून हल्ला चढवला, त्याची पाटी तिथे भिंतीवर आहे. टिपूचा लाकडी उन्हाळी महालही याच परिसरात, आणि तोही त्याच वर्षी पुरा झालेला.

वाहतुकीची तक्रार मात्र खोटी नाही. भर संध्याकाळी सिल्क बोर्डच्या चौकात अडकलेल्या माणसाला मी शहराचं कौतुक ऐकवायला जाणार नाही. पण पाठीवर सॅक असलेल्याने तिथे जायचंच कशाला? मेट्रोच्या हिरव्या मार्गावर संपिगे रोड, मॅजेस्टिक, चिक्कपेट, के. आर. मार्केट, नॅशनल कॉलेज आणि लालबाग ही स्थानकं ओळीने येतात. संपिगे रोडला उतरलात की मल्लेश्वरम. नॅशनल कॉलेजला उतरलात की बसवनगुडी, गांधी बाजार आणि 1943पासून डोसे घालणारं विद्यार्थी भवन. लालबागेत 1889मध्ये पायाभरणी झालेलं काचघर तर आहेच, पण मला विचाराल तर आधी तिथल्या खडकावर चढा. तो सुमारे 300 कोटी वर्षांपूर्वीचा नाइस खडक आहे. वर केंपेगौडाचा मनोरा आहे आणि खाली सगळं शहर. 2017पासून हा मार्ग सलग चालू आहे, तरी आपले लोक अजून रिक्षावाल्याशी घासाघीस करत बसतात.

आता मराठी माणसाचं खास म्हणणं: "आपलं तिथे काय आहे?" याचं उत्तर मला जरा विस्ताराने द्यायचं आहे.

1638मध्ये रणदुल्लाखानाच्या हाताखालच्या आदिलशाही फौजेने बंगळूर घेतलं. शहाजीराजे त्या मोहिमेत होते आणि पुढे हे ठाणं त्यांच्याकडे जहागीर म्हणून आलं. जिजाबाई आणि लहानगे शिवाजीराजे इथे येऊन राहून गेले. शहाजीराजांच्या दरबारात जयराम पिंड्ये हा बहुभाषी कवी होता. त्याच्या 'राधामाधवविलासचंपू'मध्ये या दरबाराचं वर्णन आहे, आणि वि. का. राजवाड्यांनी तो ग्रंथ प्रदीर्घ प्रस्तावना जोडून छापला. थोडक्यात, ज्या दरबाराबद्दल आपण इतिहासाच्या तासाला ऐकतो, तो या शहरात भरत होता.

राजवाडा उरलेला नाही, हे खरं. पण मल्लेश्वरममधल्या काडु मल्लेश्वराच्या पायऱ्या चढून जा. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी या देवस्थानाला गाव इनाम दिल्याचा 1669चा शिलालेख आहे आणि मंदिराच्या उभारणीशीही त्यांचंच नाव जोडलं जातं. भोवती दाट झाडं, पारावर ओळीने मांडलेल्या नागशिळा, त्यांवर हळदीकुंकू. 1898च्या प्लेगनंतर आखलेल्या सबंध वस्तीला या देवाचं नाव मिळालं. पुण्याहून आयटीतल्या नोकरीसाठी गेलेले किती तरी मराठी लोक या देवळापासून दोन-तीन गल्ल्यांवर राहतात आणि हे त्यांना ठाऊक नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण इथेच दुसऱ्या टोकाच्या लोकांनाही अडवलं पाहिजे. "म्हणजे शहर आपलंच होतं" असं म्हणत छाती फुगवून जाणार असाल, तर जाऊ नका. शहर वसवलं केंपेगौडाने. भोसल्यांकडे ते जेमतेम पन्नास वर्षं होतं. व्यंकोजीराजांनी बस्तान तंजावरला हलवलं, 1687मध्ये मोगलांनी बंगळूर घेतलं आणि तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांच्या हवाली केलं. उरली ती माणसं. त्यांनी कन्नड आपलीशी केली आणि घरातली मराठी पिढ्यानपिढ्या जपली. 1950मध्ये अशाच एका मराठी घरात शिवाजीराव गायकवाड नावाचा मुलगा जन्मला, इथल्या शहर बसमध्ये कंडक्टर झाला आणि पुढे रजनीकांत म्हणून जगाला माहीत झाला. तेव्हा हॉटेलात काउंटरवर टोकन घेताना दोन शब्द कन्नड बोलावं, शेजारच्याबरोबर एक कॉफी बाय-टू करून उभ्यानेच प्यावी, आणि पाहुण्यासारखं वागावं.

जुन्या शहराची दैना झाली आहे, या आक्षेपापुढे मी मान तुकवतो. मॅजेस्टिकचं बसस्थानक जिथे आहे तिथे धर्मांबुधी तलाव होता. कंठीरव स्टेडियमच्या जागी संपंगी तलाव होता. नदी नसलेल्या गावाने तळी खोदून तहान भागवली आणि पुढच्या पिढ्यांनी ती बुजवली. पण म्हणून शहर पाहू नये, हे कुठलं तर्कशास्त्र? संपंगी तलावाचा एक लहानसा तुकडा करगा उत्सवासाठी अजून राखलेला आहे. चैत्री पौर्णिमेच्या रात्री धर्मरायाच्या देवळातून निघालेला करगा, म्हणजे फुलांनी सजवलेला कलश, पेठेतून फिरतो आणि वाटेत तवक्कल मस्तानच्या दर्ग्यात जाऊन येतो. ही वाट तलाव बुजला तरी मोडली नाही.

तीन दिवसांत शहर कळत नाही, असंही म्हणतात. नाही कळत. पण न थांबता पुढे गेल्याने तर काहीच कळत नाही. शिवाय तीन दिवसांतला एक बेगूरसाठी काढता येतो. नागेश्वराच्या देवळात गंग राजांच्या काळातला, सुमारे 890 सालचा शिलालेख आहे आणि त्यात बेंगळूरच्या लढाईत एक वीर पडल्याची नोंद आहे. म्हणजे केंपेगौडाच्या साडेसहाशे वर्षं आधीही हे नाव होतं. अक्षरं जुन्या कन्नडमधली, आपल्याला लागणार नाहीत. पण मिथिक सोसायटी या संस्थेने बंगळूर परिसरातल्या शिलालेखांचं त्रिमितीय स्कॅनिंग हाती घेतलं आहे. निघण्याआधी त्या कामाची माहिती वाचून जावं, म्हणजे तिथे उभं राहिल्यावर कोणता दगड पाहायचा आणि नजर कुठे ठेवायची, हे कुणाला विचारावं लागत नाही.