बाळंतिणीची खोली आणि ओली भिंत

आषाढात बाळ घरी आलं की पहिल्यांदा खिडक्या लागतात. बाळंतिणीला वारा लागू नये, बाळाला गारठा बाधू नये. मग त्याच बंद खोलीत दोरी बांधून दुपटी-लंगोट वाळत पडतात आणि संध्याकाळी वेखंड-ओव्याची धुरी होते. मुंबई-ठाण्याच्या हवेत पावसाळ्यात आधीच 80-90 टक्के दमटपणा, त्यात आतली ही वाफ. बुरशीला आणखी काय हवं?

माझी भाची बारशापासून सांगत होती, ‘मावशी, या खोलीत कुबट वास येतोय गं.’ मोठ्यांचं उत्तर ठरलेलं: बाळंतिणीला सगळेच वास जास्त येतात. शेवटी भाचेजावयांनी कपाट भिंतीपासून ओढलं. मागे कमरेच्या उंचीपर्यंत काळे-हिरवट ठिपके, काही सुटे, काही एकमेकांत मिसळून तळहाताएवढे झालेले. रंगाचा पोपडा नखाने उचलला, तर आतला गिलावा बोटाला ओला लागला. आणि पाळणा त्या कपाटाला लागूनच.

अशा वेळी घरोघरी एकच उपाय सुचतो, पुट्टी भरून रंगाचा एक हात मारायचा. मला याचीच भीती वाटते. इंग्लंडमधल्या रॉचडेलमध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर 2020 मध्ये गेला. घरातल्या बुरशीमुळे त्याला श्वसनाचा आजार झाला, असा निष्कर्ष 2022 साली मृत्युचौकशीत निघाला. त्याच्या वडिलांनी तो जन्मायच्या आधीच बुरशीची तक्रार केली होती, तेव्हा त्यांना वरून रंग द्यायला सांगितलं गेलं. पुढे तिथे त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. हे टोकाचं उदाहरण आहे, नव्या आईला घाबरवण्यासाठी सांगत नाही. पण नवजात बाळ मिनिटाला 40 ते 60 श्वास घेतं आणि दिवसाचा बहुतेक वेळ त्याच खोलीत निजलेलं असतं. आई वासाबद्दल बोलली, तर कपाट त्याच दिवशी हलवायला हवं.

बाळ-बाळंतिणीला आधी दुसऱ्या खोलीत न्यावं. कोरड्या ब्रशने भिंत मुळीच खरवडू नये, बुरशीची बीजं घरभर उडतात. दार लावून, खिडकी उघडून, तोंडाला मास्क बांधून साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसावं आणि फडकं टाकून द्यावं. हे काम बाळंतिणीने करायचं नाही. ब्लीच आणि संडास धुण्याचं अॅसिड कधीही एकत्र करू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. ओल धरलेली कापसाची गादी सरळ घराबाहेर काढावी. धुरीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ती मायेने केली जाते, पण तिने वास फक्त झाकला जातो आणि धुराचा त्रास बाळाच्या छातीला होतो. ती बंद करावी. पावसाने उघडीप दिली की आई-बाळाला पांघरूण घालून खिडक्या उघडाव्यात, आणि कपडे पंख्याखाली दुसऱ्या खोलीत वाळवावेत.

एवढं करूनही पाणी येत राहिलं तर बुरशी परत येणारच. भाचीच्या घरी मूळ निघालं बाहेरच्या भिंतीतल्या भेगेत. आपल्याकडच्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती दुरुस्त करणं सोसायटीचं काम आहे. सेक्रेटरींना जिन्यात गाठून सांगितलेलं पुरत नाही. लेखी अर्ज द्यावा, भिंतीचे फोटो जोडावेत, पोच घ्यावी. भर पावसात भेग बुजवता येत नसेल, तर निदान बाहेरून ताडपत्री बांधून मागावी. आणि खोलीत किती महिन्यांचं बाळ आहे, ते अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहावं.