आंकडा आणि आठवडा

गेल्या महिन्यांत एका कागदानें आमच्या घरांतील सर्वांची दोन दिवस झोप उडविली. धाकट्या सूनबाईंना तेरावा आठवडा चालू होता. रक्ततपासणींत 'एच. सी. जी.' या द्रव्याचा आंकडा नवव्या आठवड्यांतल्या आंकड्याहून पुष्कळ उतरलेला दिसला. माजघरांत कुजबूज सुरू झाली, कोणी नवसही बोललें. सूनबाई तर जेवेनात. डॉक्टरीणबाईंनीं कागद पाहिला व म्हणाल्या, "हें असेंच व्हावयाचें." त्या वाक्याचा अर्थ घरोघर ठाऊक असावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

वार ही केवळ गर्भाच्या पोषणाची वाट नव्हे. ती स्वतः कांहीं प्रथिनें घडवून मातेच्या रक्तांत सोडते. एच. सी. जी. हें त्यांतलेंच. १९२७ सालीं बर्लिन येथें आश्हाइम व झोंडेक यांनीं उंदरांच्या साह्यानें जी गर्भपरीक्षा शोधिली, ती याच द्रव्यावर आधारलेली. परंतु तिचें उत्तर 'आहे' किंवा 'नाहीं' एवढेंच. रक्तांतील अत्यल्प द्रव्य मोजण्याची युक्ति पुढें अमेरिकेंत रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनीं इन्शुलिनसाठीं काढली. तीच वारेच्या प्रथिनांनाही लागू पडली. यॅलोबाईंना त्याबद्दल १९७७ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

मोजमाप होऊं लागल्यावर कळलें कीं, प्रत्येक प्रथिनाची चाल निराळी. एच. सी. जी. आरंभीं दोन-तीन दिवसांत दुप्पट होतें, आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या सुमारास शिखर गाठतें आणि मग उतरतें. वारेचें लॅक्टोजेन वारेबरोबर वाढत जाऊन अखेरच्या आठवड्यांत स्थिरावतें. १९७४ सालीं वर्णिलेलें 'पॅप-ए' प्रसूतीपर्यंत चढतच राहतें.

अष्टमीला चंद्र अर्धा दिसला म्हणून कोणी घाबरत नाहीं. तिथि ठाऊक असते. येथें तिथि म्हणजे गर्भाचा आठवडा. म्हणून शास्त्रज्ञ आधीं निरोगी गर्भिणींचींच मापें गोळा करितात. एकाच आठवड्यांतील पुष्कळजणींचीं मापें चढत्या क्रमानें मांडिलीं असतां जें मधोमध येतें, तें त्या आठवड्याचें प्रमाण. आपलें माप त्याच्या किती पट, हें पाहावयाचें. निरोगी स्त्रियांतही तें कमीअधिक असतेंच. मातेचें वजन अधिक असल्यास माप कमी भरतें, जुळें असल्यास अधिक. आणि आठवडाच चुकीचा धरला, तर सारा हिशेब चुकतो.

तेव्हां कागद हातीं येतांच आधीं आठवडा पाहावा, जावेच्या किंवा नणंदेच्या आंकड्याशीं ताडून पाहूं नये, आणि अर्थ डॉक्टरांस विचारावा. मात्र रक्तस्राव, पोटांत कळा किंवा फार डोकेदुखी व सूज असेल, तर आंकडा चांगला आहे म्हणून स्वस्थ बसूं नये.

चाळीस वर्षें मीं मुलांना बजावलें कीं, संदर्भ पाहिल्यावांचून श्लोकाचा अर्थ करूं नका. घरचा कागद मात्र मींच संदर्भावांचून वाचला, आणि त्यापायीं एका गर्भिणीला दोन दिवस उपास घडला. असो.