गिअर अडला? आधी मागचे दिवे बघा

ऑटोमॅटिक गाडीचा गिअर ‘पी’मधून निघेना की लोक दांडा हिसकत बसतात, नाहीतर थेट टोइंगवाल्याला फोन लावतात. त्याआधी एक फुकटची तपासणी करावी. गाडी चालू करून ब्रेक दाबायचा आणि मागचे दिवे लागतात का, ते कुणाला तरी बघायला सांगायचं.

ब्रेक दाबल्याशिवाय ‘पी’मधून दांडा हलू नये, म्हणून तिथे विजेवर चालणारी कडी असते. १९८६च्या सुमारास अमेरिकेत ‘ऑडी ५०००’ आपोआप सुसाट सुटते, अशी ओरड झाली. १९८९च्या सरकारी अहवालाने बहुतेक प्रकरणांत पाय ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पडल्याचं सांगितलं. तोवर ऑडीने ही कडी बसवली होती; पुढे ती सगळीकडे आली.

पेडलपाशी एक छोटा स्विच असतो. मागचे ब्रेक-दिवे त्याच्यावर लागतात आणि बहुतेक गाड्यांत कडीलाही त्याचाच इशारा जातो. म्हणून सगळे ब्रेक-दिवे एकदम बंद असतील, तर संशय फ्यूजवर किंवा या स्विचवर घ्यावा. सगळे बल्ब सहसा एकाच वेळी जात नाहीत. दिवे लागतात, पण दांड्यापाशी ‘टक्’ असा आवाज येत नाही, तेव्हा दोष कडीत किंवा तिच्या वायरिंगमध्ये असू शकतो.

पाचगणीसारख्या ठिकाणी उतारावर मात्र अनेकदा काहीच बिघडलेलं नसतं. हँडब्रेक न लावता ‘पी’ टाकला की गाडीचा सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका खिट्टीवर येतो आणि दांडा जड होतो. म्हणून उतारावर गाडी लावताना ब्रेक दाबून ‘एन’ करावा, हँडब्रेक ओढावा, ब्रेक हळूच सोडून गाडी स्थिरावू द्यावी. मग पुन्हा ब्रेक दाबून ‘पी’.

अनेक गाड्यांत दांड्याशेजारी छोटं टोपण असतं. हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून, त्याखालची कळ स्क्रू-ड्रायव्हरने दाबली की दांडा सुटतो. नेमकी जागा आणि रीत मॅन्युअलमध्ये असते. बटणाच्या गिअरच्या गाड्यांत असं टोपण सहसा नसतं. तिथे बॅटरी उतरली आहे का, हे आधी बघावं.

माझा आक्षेप या कळेवर नाही, ती सापडल्यावर येणाऱ्या निर्धास्तपणावर आहे. कळ दाबून रोज ऑफिस गाठणारे आणि ‘कटकटच नको’ म्हणत कडी कायमची निकामी करून घेणारे, दोघेही गाडीची तक्रार गप्प करतात. दांडा सुटला तरी दिवे बंदच राहतात. द्रुतगती मार्गावर अशा गाडीने ब्रेक मारला, तर मागच्याला कळणार कसं? दिवे बंद असतील तर मेकॅनिकला जागेवरच बोलवावं. योग्य अँपिअरचा फ्यूज किंवा तो छोटा स्विच बदलणं हे तिथल्या तिथे होण्याजोगं काम आहे. गाडी हलली म्हणून दुरुस्ती पुढे ढकलणाऱ्याने धोका मागून येणाऱ्याच्या माथी मारलेला असतो.

– स्टेपनी