रेवतीला टाळ्या, पवळेला शिव्या

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ गंधर्व नाटक मंडळीने 1916 साली रंगभूमीवर आणले व शहरोशहरी फिरविले. मूळ गोष्ट फ्रान्सच्या मोलिएरची, इंग्रजीतून इकडे आलेली. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव आमच्या रयतेनेही पाहावा असाच होता. बायकोवरचा संशय काय माडीवाल्यांच्याच घरी नांदतो? विनोदाशी आमचे भांडण नाही.

भांडण आहे ते रेवतीपायी. ही गणिकेची मुलगी. अश्विनशेठ तिच्याशी लग्न लावतो म्हणून भल्याभल्यांनी टाळ्या पिटल्या. पण रेवती झाले कोण? बालगंधर्व, म्हणजे पुरुष! ज्या कलावंतिणींच्या घरांनी गाणे पिढ्यान्‌पिढ्या जतन केले, त्यांच्या लेकींना त्या मंडळीत जागा नव्हती. आणि बंधूंनो, त्याच काळी महार समाजातली पवळा पठ्ठे बापूरावांच्या फडात स्वतः उभी राहून गात होती. तिच्या तमाशाला मात्र हेच लोक नाके मुरडून ‘चावट’ म्हणत. सोंगातली गणिका चालते, जितीजागती कलावंतीण चालत नाही, हा कुठला न्याय?

‘संशयकल्लोळ’चे प्रयोग आजही होतात, खुशाल व्हावेत. पण नाट्यगृहात देवल-गंधर्वांच्या तसबिरी लावता ना? त्यांच्या शेजारी पवळेची लावा. मग आम्ही बायकापोरांसह तिकीट काढून येऊ.