बाभळीची किंमत जळणाएवढीच का?

'सॉलिड वुड' असं लिहिलेलं दिसलं की आपली आयटीतली मंडळी लगेच पाकीट उघडतात. मोबाईल घेताना प्रोसेसर कुठला, रॅम किती, सगळं विचारणार. पण चाळीस हजारांचं टेबल घेताना साधा प्रश्न नाही, की बाबा रे, हे लाकूड कुठल्या झाडाचं? आलं कुठून? मग आतून एमडीएफ निघालं की बोंब मारायची!

माझं म्हणणं सरळ आहे. देवळाली कॅम्पात राहून टेबल, बाक, शेल्फ करायचं असेल तर लाकूड आसपासच्या सॉ मिलवरून घ्या. आणि सागाचा हट्ट सोडून बाभूळ मागा.

हो, बाभूळच. जुन्या बंगल्यांची सागवानी दारं बघून कॅम्पात सागाचं वेड जरा जास्तच आहे. पण आज साग म्हणून मिळणारं कितीतरी लाकूड आफ्रिकेतून नाहीतर दक्षिण अमेरिकेतून बोटीनं कांडल्याला उतरतं. ब्रह्मदेशानं २०१४ मध्येच ओंडक्यांची निर्यात बंद केली. म्हणजे घानाचं झाड आपल्या दिवाणखान्यात, आणि इथल्या बांधावरची बाभूळ वीटभट्टीत. तीही वजनावर, जळणाच्या भावानं!

ही तीच बाभूळ, जिचे नांगर, कुळव आणि बैलगाडीची चाकं पिढ्यान् पिढ्या चालली. सागापेक्षा जड, सागापेक्षा कठीण.

आता आक्षेप घेऊ. "बाभळीला कीड लागते." लागते, पण मुख्यतः बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला. ते काढून टाका, आतला तांबूस गाभा वापरा. जुने सुतार ओंडके महिनोन् महिने पाण्यात बुडवून ठेवायचे, ते काय हौस म्हणून? "वाकतं, तडकतं." ओलं वापरलं तर कुठलंही लाकूड वाकेल. फळ्यांच्या मध्ये पट्ट्या ठेवून सावलीत रचा. इंचभर जाडीला साधारण एक वर्ष, हा ढोबळ हिशेब. तेवढा धीर नसेल तर वाळलेला माल शोधा.

"मापात फसवतात." मग माप शिका ना! ओंडक्याच्या घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. चार फूट घेर आणि सहा फूट लांबी म्हणजे कागदावर सहा घनफूट. प्रत्यक्षात ते साडेसातच्या वर भरतं. वरचं साल आणि भुशात जातं असं धरलेलं असतं. इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेल्याला एवढं गणित जड जाऊ नये :)

"पण झाडं तोडायची?" हा खरा आक्षेप. बांधावरची बाभूळ आजही तुटतेच आहे. प्रश्न एवढाच, की ती तासाभरात जळणार की पन्नास वर्षं टेबल म्हणून राहणार. जळणाचाच भाव मिळणार असेल तर शेतकरी झाड जाड होईपर्यंत कशाला थांबेल? फळीचा भाव मिळाला तर थांबेल, नवीन रोपही राखेल.

कागद मात्र बघा. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, आंबा, खैर आहेत. ते परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाभूळ त्या यादीत नाही. सॉ मिलला परवाना लागतोच, आणि १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशापासून सर्वोच्च न्यायालयानं विनापरवाना गिरण्यांवर बडगा उगारला. परवाना दाखवायला जो कुरकुरतो, त्याच्याकडून काडीही घेऊ नका. स्वस्तात खैर देतो म्हणणाऱ्याकडून तर नाहीच नाही.

मिलवाला कदाचित नाही म्हणेल. बाभूळ कठीण, करवतीची धार जाते, शिवाय बांधावरच्या झाडात खिळे निघतात. त्याचंही बरोबर आहे. मागणारा नसेल तर चिरणारा कशाला चिरेल? चिरायची मजुरी थोडी जास्त द्या, पण मागा.

असो. पर्यावरणाचे फॉरवर्ड पाठवण्यापेक्षा एक ओंडका विकत घ्या. बांधावरचं झाड वाचवायचं असेल तर आधी त्याला जळणाच्या भावातून सोडवा.