नालासोपाऱ्यातलं एमडी आणि बालपणीची भीती : मेंदूत नेमकं काय घडतं?

ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी नालासोपाऱ्यात ७०० किलोहून जास्त एमडी पकडलं. माल पकडला जातो. पण त्याकडे आधी कोणती मुलं वळतात?

अमेरिकेतील १९९८ च्या ‘एसीई’ अभ्यासानुसार, लहानपणी मारहाण, अपमान, घरातलं व्यसन असे चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांमध्ये दारू, ड्रग्ज, नैराश्य व आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका ४ ते १२ पट आढळला.

सततच्या भीतीने धोका ओळखणारा अमिग्डाला अतिसावध होतो. आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र पंचविशीपर्यंत घडतच असतो. नशेने ताण तासभर उतरतो, म्हणूनच ती पुन्हा हवीशी वाटते. अशा मुलाला निव्वळ दरडावणं म्हणजे भीतीत भरच.

मदतीसाठी : टेलि-मानस १४४१६, चाइल्डलाइन १०९८.